दोरवाटेचा दावा

दोरवाला सरळ चालताना हमखास अडखळायचा. उलटा चालताना मात्र कधीच नाही. त्याचा जन्मच मागे सरकण्यात गेला होता. पहाटेचं दव असेतोवर कमरेला विंचरलेल्या घायपाताचा फेर गुंडाळायचा, त्यातले चार तंतू सूत पिळणाऱ्या चरकाच्या आकड्यात अडकवायचे आणि बायकोनं चरक फिरवला की बोटांतून सूत सोडत मागे मागे जायचं. पाठीमागे खड्डा आहे की शेळी बसली आहे, ते त्याच्या टाचांना आपोआप कळायचं. तो कधी तरातरा पुढे चालताना दिसला, तर घरच्यांना वाटायचं, आज याचं काहीतरी बिनसलंय.

तो ज्या जागेवर मागे जायचा तिला सगळे दोरवाट म्हणायचे. एक लांबच लांब पट्टी. अलीकडच्या टोकाला दोरवाल्याचं दोन खोल्यांचं घर आणि ओसरीवर चरक, पलीकडचं टोक जागेच्या मालकाच्या, म्हणजे आबांच्या मागच्या दाराशी. रुंदी इतकीच की दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवानांची जुंपलीच समजा. या जागेचं भाडं दोरवाल्याच्या बापापासून एकच ठरलेलं होतं, दर वर्षी विहिरीची मोट ओढायला एक नाडा, म्हणजे जाड दोर. पुढे मोट गेली, विहिरीवर पंप आला, तरी नाडा चुकला नाही. तो द्यायचा बंद करावा असं दोरवाल्याला सुचलं नाही आणि तो नको म्हणावं असं आबांना. आबांच्या माळ्यावर इतके नाडे साठले होते की उंदरांनासुद्धा त्यांचा कंटाळा आला असावा.

त्या साली पावसाळा सरून थंडी पडली आणि आबांच्या लेकाचा शहरातून फोन आला. नोकरी सोडतो, गावी येऊन शेती करतो, येताना ट्रॅक्टर घेऊन येतो. आबा एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक सणासुदीलाही येईल तर शपथ. ते फोन ठेवून अंगणात आले आणि जो भेटेल त्याला सांगत सुटले. ट्रॅक्टर येणार म्हणजे त्याला उभं करायला जागा हवी. त्यांना वाटलं, जागा नाही म्हणून पोरगं बेत रद्द करायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या दारासमोर, दोरवाटेच्या टोकाला, गोठ्याएवढी चार भिंतींची चर खणायला घेतली, आणि तिथे पडलेले थोरले दगड भिंतींच्या पायात घालूनही टाकले.

ते दगड बेवारशी नव्हते. जाड दोर वळताना पलीकडच्या टोकाला बिनचाकांची एक लाकडी गाडी लागते, तिला दोरवाल्याच्या घरात घोडा म्हणायचे. तीन पेड तिला बांधायचे आणि तिच्यावर ते दगड रचायचे. पीळ बसतो तसा दोर आखडतो आणि घोडा इंच इंच पुढे ओढला जातो. दगडांशिवाय घोडा म्हणजे नुसतं लाकूड.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात नावाडी येऊन गेला होता. नदीवर त्याची सपाट नाव चालायची, गाड्या-जनावरं नेणारी. ती दोराला धरूनच अलीकडे-पलीकडे जायची. पुरात तिचा जुना दोर फाटून सुताला सूत राहिलं नव्हतं. नवा दोर हवा, तो सलग हवा, मध्ये जोड दिला तर कप्पीत अडकतो. एवढा सलग दोर वळायला सबंध दोरवाट लागणार होती, हातभरही कमी चालणार नव्हती. असं काम दहा-बारा वर्षांतून एकदा यायचं. दोरवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याच दिवशी तंतू विंचरायला काढले.

चर पाहून दोरवाल्याची बायको आबांकडे गेली. घरात बोलायचं काम तिचंच होतं. दोरवाला आकड्याला सूत बांधावं तसा तिच्यामागे उभा राहिला.

"आबा, तुम्ही भिंत घातलीत की आमचा धंदा संपला," ती म्हणाली. "आखूड वाटेवर दावी वळता येतात, दोर नाही."

"मग दावी वळा. गुरं काय कमी आहेत का?"

"सासऱ्यांना शब्द दिला होतात. दोर जाईल तिथवर वाट तुमची, असा."

"दिला होता. तेव्हा ट्रॅक्टर नव्हता," आबा म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली आणि छाती काढून सांगून टाकलं की आता कोर्टच काय ते ठरवील.

आबांनी उभ्या आयुष्यात कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. पण एकदा तोंडातून गेलं, मग माघार कशी घ्यायची? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसले ते. भाड्याची जागा आहे तर भाड्याचं कोर्ट, असा विचार करून त्यांनी तालुक्याला दावा लावला.

तारखेला जायला सकाळी एकच बस होती, तेव्हा वादी आणि प्रतिवादी एकाच बाकावर बसून निघाले. वळणावर आबांचं पोट ढवळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोरवाल्याच्या बायकोनं त्यांना खिडकी दिली. निघताना आबांनी स्वतःचा डबा घेतलाच नव्हता. भांडायला जाताना डबा कसा न्यायचा, असं त्यांना वाटलं होतं म्हणे. त्यांनी तिच्या डब्यातलं अर्धं खाल्लं आणि भाजीत मीठ जास्त झाल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, विरोधी पक्षाच्या डब्यात एवढं तर असायचंच.

भाड्याच्या कोर्टात न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. भाडं किती? एक नाडा. तो कशासाठी? मोटेसाठी. मोट कुठे आहे? मोडली. मग नाडे कुठे आहेत? माळ्यावर. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, आबांना यांचं घर परत हवंय का? छे छे, घरात राहू दे की त्यांना, आबा म्हणाले, घराचा काय संबंध, मला ती मोकळी वाट हवी. त्यावर बाईंनी सांगितलं की हे कोर्ट छपराखालच्या जागेचं आहे, घर किंवा दुकान. उघड्या जमिनीचा खटला त्यांना चालवता येणार नाही, महसूल कचेरीत जावं लागेल. एवढं झाल्यावर दोरवाला नमस्कार करून निघाला तो बाकांच्या मधून, दारातून, थेट पायरी उतरून उलटाच बाहेर गेला. कुठेही धक्का नाही. बाई मान उंच करून बघत राहिल्या आणि त्यांनी पुढचं प्रकरण जरा वेळानं पुकारायला सांगितलं.

महसूल कचेरीतले साहेब घाईत होते, पण माणूस भला. त्यांनी एकच विचारलं, "त्या जमिनीत पिकतं काय?"

"काही नाही," आबा म्हणाले.

"दोर," दोरवाल्याची बायको म्हणाली.

"पेरता?"

"नाही साहेब. चालतो."

चालण्याला शेती म्हणता येत नाही, असं साहेबांनी समजावलं. शेतीची कूळ-मालकी असती तर त्यांनी निकाल दिला असता. हे ना घर, ना शेत. तेव्हा दिवाणी कोर्ट, तेही नदीपलीकडे जिल्ह्याला. निघता निघता त्यांनी सहज म्हणून एक सल्ला दिला की तिथे निकाल होईपर्यंत त्या जागेवरचा दगडसुद्धा हलवू नका, उगाच नवं भांडण उभं राहील. सल्ला दिला आणि विसरूनही गेले. आबांनी मात्र तो हुकूम म्हणून गाठीला बांधला.

येताना बस भरलेली होती. आबा आणि दोरवाला दांडीला धरून उभे. आबा कचेऱ्यांवर चिडले होते. दोघंही आम्हाला हाकलतात म्हणजे काय, आमचं भांडण काय इतकं हलकं आहे, असं ते दोरवाल्यालाच विचारत होते. दोरवाल्यालाही ते पटलं आणि त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोरवाला तंतू गुंडाळून बाहेर आला, तर दोरवाटेच्या मधोमध खाट आणि खाटेवर घोंगडीत आबा.

"जागा आहे तशी ठेवायची," ते घोंगडीतून म्हणाले. "साहेबांचं वाक्य आहे."

"आहे तशी म्हणजे आम्ही दोर वळतो तशी," दोरवाल्याची बायको म्हणाली.

"ते कोर्ट ठरवील."

दोरवाल्याला अपमान वाटला. बापाच्या वेळेपासून त्या मातीत त्याच्या टाचांनी ज्या दोन खाचा पाडल्या होत्या, त्यांच्यावर खाटेचे पाय रोवलेले होते. तो घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. म्हातारी विंचरायचं थांबली. दोराशिवाय नाव नाही, नावाडी किती दिवस वाट बघेल? तो शहरातून नायलॉनचा दोर आणील आणि मग दोरवाल्याला पुन्हा कोण विचारणार? घर तिथेच राहील, पण त्यात राहून करायचं काय, ही काळजी तिघांच्याही मनात होती.

बायकोनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं परसातल्या दुबेळक्याच्या, टोकाशी बेचकं असलेल्या काठ्या उचलल्या, त्या खाटेच्या दोन्ही बाजूंना ठोकल्या आणि नवऱ्याला हाक मारली. सूत आता काठ्यांच्या बेळक्यांवरून, आबांच्या वरून जाणार होतं. दोरवाला उठला. खाटेपाशी आल्यावर तो किंचित तिरका होऊन, पाठीमागे न बघता, खाटेला वळसा घालून गेला. चरक फिरू लागला. आबांच्या नाकावर हातभर उंचीवरून सूत गुंजत पुढे जात राहिलं.

असे बरेच दिवस गेले. पहाटे धुकं असायचं, दव पडलेलं असायचं, सूत ओलसर आणि गुळगुळीत यायचं. आबा खालून बघायचे. आधी डोळे मिटून पडायचे, मग उघडे ठेवायला लागले. एकदा म्हणाले, "इथे बारीक झालंय रे." दोरवाल्यानं पाहिलं, खरंच बारीक झालं होतं. ऊन चढलं की म्हातारी त्यांना चहा नेऊन द्यायची. "भावजी, तिथेच झोपून पाठ धरेल," ती म्हणायची. "वहिनी, ज्या खाटेवर झोपलोय ती तुमच्याच सुंभाची आहे, तिला सांगा," ते म्हणायचे. सुताची पेंडकी वाढत गेली, सुतांचे पेड झाले. आता राहिला तो मोठा दोर. त्याला मात्र काठ्या चालणार नव्हत्या, त्याला अख्खी वाट मोकळी हवी होती, चर बुजवलेली हवी होती आणि घोड्यावर दगड हवे होते.

तेवढ्यात आबांच्या लेकानं शहरातला वकील गाठून दिवाणीत दावा लावला आणि तारीख कळवली. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, काठी घेतली आणि मोठ्या दिमाखात नदीवर गेले. पुलावरून वळसा घेतला तर दोन बस बदलाव्या लागायच्या, त्यांच्या पोटाला ते झेपणारं नव्हतं. नाव किनाऱ्यावर पालथी होती आणि नावाडी तिच्या सावलीत झोपला होता.

"तारीख आलीय, पलीकडे सोड," आबा म्हणाले.

"दोर कुठे आहे?" नावाड्यानं एक डोळा उघडला. "वळायला दिलाय. ऐकलंय की तिथे वाटेत कुणीतरी खाट टाकून झोपलंय."

आबा आले तसेच परत फिरले. दोरवाटेपाशी येऊन ते काठी टेकून उभे राहिले. कोर्टात जायला नाव हवी, नावेला दोर हवा, दोराला वाट हवी, आणि वाट कोणाची हे ठरवायला कोर्ट हवं. हे सगळं त्यांच्या डोक्यात नीट बसायला वेळ लागला. मग त्यांनी आपल्याच हातानं खाट उभी केली आणि डोक्यावर घेऊन घरी नेली.

"निकाल लागेपर्यंत," जाता जाता त्यांनी बजावलं. "हक्क सोडलेला नाही."

"नाही सोडलात, आबा," दोरवाल्याची बायको म्हणाली आणि पदरात हसू लपवलं.

दुसऱ्या पहाटे सगळे वाटेवर जमले. नावाडीही आला. आबांनी स्वतःच्या मागच्या दाराच्या फळ्या काढून चरीवर टाकल्या, कारण चर बुजवणं म्हणजे जागा बदलणं. पायातले दगड मात्र उपसू देईनात. साहेबांनी दगडाचं नाव घेऊन सांगितलं होतं, आणि आबा शब्दाचे पक्के. तिन्ही पेड ताणून घोड्याला बांधले आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण घोडा हलका होता, पीळ देताच उडी मारून पुढे आला असता.

म्हातारीनं आबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं वजन किती हो?"

आबा भारदस्त होते, यात वाद नव्हता. त्यांनी आधी नकार दिला, मग बसायला काहीतरी मऊ मागितलं, आणि शेवटी घोंगडीची घडी घालून घोड्यावर बसले. चरकाशी दोरवाल्याची बायको आणि नावाडी. पेडांच्या मध्ये नारळाएवढं तीन खाचांचं लाकूड धरून दोरवाला. त्यानं हात वर केला आणि चरक करकरला.

पेडांना पीळ चढला. ते थरथरले, आखडले, आणि घोडा सरकला. जेमतेम चिमूटभर. आबांनी दोन्ही हातांनी कडा धरली. पुन्हा सरकला. लाकडाच्या मागे तीन पेड एकमेकांत शिरून दोर होत होता, आणि त्या दोराबरोबर आबा आपल्या मागच्या दारापासून हळूहळू दूर निघाले होते. फळ्यांवरून जाताना खडखड झाली. ज्या जागेसाठी ते तीन कचेऱ्यांशी भांडत होते ती सगळी त्यांच्या खालून, विचार करायला वेळ मिळेल अशा बेतानं, मागे गेली.

"थांबवू का?" बायकोनं लांबून विचारलं.

"कशाला?" आबा ओरडले. "मस्त चाललंय."

उन्हं वर आली तेव्हा दोर घट्ट झाला होता, बोटानं टिचकी मारली तर वाजत होता. घोडा पार पुढे येऊन थांबला होता. आबा उतरले, पाय बधिर झालेले, आणि दोरावर हात फिरवत राहिले. मागे वळून त्यांनी आपल्या दाराकडे पाहिलं. ते बरंच लांब दिसत होतं.

"एवढी वाट लागते होय," ते म्हणाले.

"एवढी लागते," दोरवाला म्हणाला.

ओसरीवर चहा झाला. बशी फुंकता फुंकता दोरवाल्याची बायको म्हणाली, की ट्रॅक्टरला पावसापासून छप्पर हवं, ऊनवाऱ्यापासून आडोसा हवा, हे खरंच आहे. पण भिंती कशाला? ट्रॅक्टरला कुठे लाज आहे? चार खांब आणि वर पत्रे टाका. सूत पत्र्याखालून जाईल. मोठा दोर वळायचा असेल त्या दिवशी ट्रॅक्टर बाहेर काढा, नाहीतर त्यालाच घोडा करा.

आबांनी बशी खाली ठेवली. "आणि मी बसणार स्टेअरिंगला?"

"तुमच्याशिवाय वजन कुणाचं?" म्हातारी म्हणाली.

आबा हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. दगडांचं विचारलं तर म्हणाले, खांबांच्या पायात तेच राहू देत, घोड्याला आता दगड लागणार नाहीत. पण दावा मागे घ्यायचा तर तो कोर्टातच जाऊन, स्वतःच्या तोंडानं, असं त्यांनी ठरवलं. मर्दानं जिथे लावला तिथेच काढावा.

पहिली तारीख हुकली होती; पुढच्या तारखेला नाव नव्या दोराला लागली आणि वादी-प्रतिवादी तिच्यात उभे राहून पलीकडे गेले. दिवाणीतल्या न्यायाधीशांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, दावा मागे घ्यायला परवानगी देतो, पण आधी तो या कोर्टात चालतो का हे बघावं लागेल. आबांचा चेहरा पडला. न्यायाधीश कागद चाळत पुढे म्हणाले, आता तिथे छप्पर होणार, म्हणजे भाड्याचं कोर्ट. छपराखाली ट्रॅक्टर, म्हणजे कदाचित शेती. त्याखालून दोर जाणार, तो कशात बसवायचा? त्यांनी जरा विचार केला, हसले, आणि लिहायला सांगितलं की वादच उरलेला नसल्यानं तो कोणत्या कोर्टानं चालवावा हा प्रश्न उघडा ठेवण्यात येत आहे.

बाहेर आल्यावर आबांना थोडी चुटपुट लागली. इतकं फिरलो आणि दावा कुणाच्या कोर्टातला ते शेवटपर्यंत कळलंच नाही, ते म्हणाले. दोरवाल्याच्या बायकोनं सांगितलं, पुढच्या भांडणाच्या वेळी विचारू.

ते नदीवर परत आले तेव्हा काठावर लाल ट्रॅक्टर उभा होता आणि त्याला टेकून आबांचा लेक. पुलाचा वळसा घेण्यापेक्षा नावेनंच नेऊ म्हणून थांबला होता. आबांनी आधी ट्रॅक्टरच्या टायरवर थाप मारली, मग लेकाच्या पाठीवर, आणि मग काहीतरी डोळ्यात गेलं असं म्हणाले. नावाडी मात्र ट्रॅक्टरकडे बघून विचारात पडला होता. गाड्या नेल्या होत्या, हे धूड कधी नेलं नव्हतं. त्यानं दोराला हात लावला आणि दोरवाल्याकडे वळला.

"पेलेल का रे?"

दोरवाला दोराजवळ गेला. अंगठ्यानं पीळ दाबून पाहिला. 

"आबांना ओढून आणलंय यानं," तो म्हणाला.

ट्रॅक्टर नावेत चढला. नाव खाली बसली, दोर ताणला, कप्पी कुरकुरली आणि सगळे निघाले. मध्यावर आल्यावर आबांनी हात वर करून दोर धरला आणि लेकाला जवळ बोलावलं.

"हा बघ," ते म्हणाले, "हा वळताना मी बसलो होतो."